न्त्सिकानाची घंटा

दोन अनोळखी समाजांची गाठ पडते तेव्हा त्यांच्यामध्ये पहिला उभा राहतो तो दुभाषी. इतिहासाच्या ग्रंथांत त्याचे नाव क्वचितच येते. राजा, सेनापती आणि धर्मोपदेशक ह्यांची नावे राहतात. त्यांचे बोलणे ज्याने एकमेकांना समजावून दिले, तो विस्मृतीत जातो. शासनव्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ह्या दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. साक्षीदार एक बोलतो, दुभाषी दुसरे सांगतो आणि दप्तरात तिसरेच उतरते. पुढे निर्णय होतो तो त्या तिसऱ्यावर.

परंतु ह्या दुभाष्याहून निराळा असा आणखी एक माणूस असतो. आपल्या परंपरेतला शब्द वापरावयाचा तर त्याला भाष्यकार म्हणता येईल. परका विचार तो ऐकतो, स्वतःच्या मनात मुरवितो, आणि मग आपल्या माणसांपुढे तो अशा रूपाने ठेवतो की, ऐकणाऱ्याला तो आपल्याच घरातला वाटावा. अशाच एका भाष्यकाराविषयी मी आज बोलणार आहे. तो दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांतला. त्याचे नाव न्त्सिकाना. त्याचा जन्म सुमारे १७८० सालचा आणि मृत्यू १८२१ मधला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याचा बाप्तिस्माही कधी झाला नाही. तरीही खोसा भाषेतले पहिले ख्रिस्ती स्तोत्र त्याचे मानले जाते आणि आजही ते तिथल्या उपासनेत गाइले जाते.

दक्षिण आफ्रिकेचे नाव काढले की, आपल्याला प्रथम गांधीजी आठवतात आणि त्यानंतर नेल्सन मंडेला. ज्या ईस्टर्न केप प्रांतात मंडेला ह्यांचा जन्म झाला, तोच खोसा लोकांचा मुलूख. हिरव्यागार टेकड्या, खोल ओढे आणि समुद्राकडे धावणाऱ्या नद्या असा हा प्रदेश आहे. त्या लोकांच्या भाषेविषयी एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. तिच्यात जिभेच्या टाळीने काढावयाचे ध्वनी आहेत. ते परके वाटतील, पण आपल्याला ते अगदीच अपरिचित नाहीत. हळहळ वाटली म्हणजे आपण जिभेच्या टोकाने 'च्च' असा जो आवाज काढतो, किंवा गाडीवान बैलांना हाकताना गालाच्या कडेने जो आवाज काढतो, तसेच ते ध्वनी होत. आपण ते शब्दांच्या बाहेर ठेवले; खोसांनी ते आपल्या शेजारच्या खोईखोई आणि सान लोकांकडून घेतले आणि शब्दांत बसविले. देवनागरीत ते लिहिण्याची सोय नाही. म्हणून मी जी नावे उच्चारणार आहे ती खऱ्या उच्चारांच्या केवळ जवळपास जाणारी आहेत असे समजावे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या लोकांपुढे एक नवे संकट येऊन ठेपले होते. केपच्या वसाहतीतले गोरे शेतकरी गुरांसाठी चराऊ रान शोधीत पूर्वेकडे सरकत होते आणि खोसांची गुरे पश्चिमेकडे येत होती. ग्रेट फिश ह्या नदीच्या परिसरात दोघे समोरासमोर आले. १७७९ साली पहिली लढाई झाली. तेव्हापासून १८७८ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षांत, अशी नऊ युद्धे झाली आणि नवव्या युद्धाच्या शेवटी खोसांचे स्वातंत्र्य संपले. इंग्रजांनी केपचा ताबा प्रथम १७९५ साली घेतला. मध्यंतरी तो सोडून १८०६ साली त्यांनी तो पुन्हा मिळविला. १८१२ साली कर्नल ग्रॅहम ह्याने फिश नदीच्या पश्चिमेकडील खोसा वस्त्या जाळल्या, पिके तुडविली आणि सुमारे वीस हजार माणसे नदीपार हाकलली. त्याच्याच नावाने तेथे लष्करी ठाणे वसले, ते ग्रॅहम्सटाउन.

न्त्सिकानाची कथा ह्या शंभर वर्षांच्या पहिल्या निम्म्या भागातली आहे. म्हणजे आक्रमण सुरू झाले होते, पण जय पूर्ण झाला नव्हता. राजे अजून राजे होते आणि माणसे अजून आपल्या मनाने निवड करू शकत होती. हा काळ ध्यानात घेतल्यावाचून न्त्सिकानाने काय केले ते नीट कळत नाही.

खोसांच्या पश्चिम शाखेचा राजा न्गीका ह्याच्या पदरी गाबा नावाचा एक सल्लागार होता. न्त्सिकाना हा त्याचा मुलगा. वाढत्या वयाबरोबर त्याची कीर्ती झाली ती गवई, नर्तक आणि वक्ता म्हणून. त्याला दोन बायका होत्या, गुरेढोरे होती. सर्वांगाला तांबडा गेरू फासून तो समारंभांना जात असे. हा गेरू म्हणजे केवळ शृंगार नव्हे; ती खोसा माणसाच्या खोसापणाचीच खूण होती.

त्याच्या तरुणपणी, १७९९ साली, डॉक्टर वान डर केंप हा लंडन मिशनरी सोसायटीचा डच धर्मोपदेशक न्गीकाच्या मुलखात आला. वर्षा-दीड वर्षातच तो परत गेला. त्याच्या हाताला म्हणण्यासारखे यश आले नाही. परंतु त्याचे बोलणे ज्यांच्या कानांवर पडले त्यांत हा तरुण न्त्सिकाना होता असे परंपरा सांगते. पुढची दहा-पंधरा वर्षे त्या बोलण्याचे काय झाले ते बाहेरून कोणालाच दिसले नाही.

मग सुमारे १८१५ साली एके दिवशी सकाळी न्त्सिकाना आपल्या गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याचा हुलुशे नावाचा एक आवडता बैल होता. खोसा पुरुषाचे आपल्या बैलावरचे प्रेम काय असते हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने पोळ्याच्या दिवशी खिलारी बैलाची शिंगे रंगविली आहेत त्याला ते आपोआप कळेल. ते लोक लाडक्या बैलाची स्तुतिगीते रचीत आणि नाचताना हात उंचावून त्याच्या शिंगांचा आकार दाखवीत. त्या सकाळी हुलुशेच्या अंगावर नेहमीच्या उन्हाहून तेजस्वी असा एक किरण पडलेला न्त्सिकानाला दिसला. त्याने जवळच्या मुलाला विचारले, 'तुला काही दिसते का?' मुलगा म्हणाला, 'नाही.' न्त्सिकाना काही बोलला नाही.

त्याच दिवशी तो शेजारच्या वस्तीवरच्या नाचाच्या समारंभाला गेला. तो नाचायला उठला की, वारा सुटे. तो बसला की, वारा पडे. असे पुन्हापुन्हा झाले तेव्हा त्याने आपल्या घरच्या माणसांना परत चलण्यास सांगितले. वाटेत एका ओढ्यावर तो उतरला आणि त्याने अंगावरचा गेरू धुऊन टाकला. घरच्यांना काय झाले ते उमजेना. दुसऱ्या दिवशी तो सांगू लागला की, आपल्या आत काहीतरी शिरले आहे आणि ते म्हणते आहे की, प्रार्थना करावी, सर्वांनी गुडघे टेकावे.

ह्या कथेतल्या वस्तू पाहण्यासारख्या आहेत. एक गोठा, एक बैल, सकाळचे ऊन, एक नाच, वारा आणि ओढ्याचे पाणी. धर्मोपदेशक तेथे नाही, पुस्तक नाही, क्रूसही नाही. जोसेफ विल्यम्स हा मिशनरी कॅट नदीच्या काठी वस्ती करण्यास आला तो त्यानंतर, १८१६ साली. म्हणजे ह्या माणसाला जे दिसले ते त्याच्या स्वतःच्या अंगणात दिसले. खोसा समाजात पूर्वजांचा बोलावा येणारी माणसे असत. हा बोलावाही बाहेरून त्याच वळणाचा दिसतो. आत शिरलेली शक्ती तेवढी निराळी होती.

विल्यम्स आल्यावर न्त्सिकाना त्याच्या उपासनेला जाऊ लागला. विल्यम्सला खोसा भाषा येत नव्हती. त्याच्याबरोबर आलेला दुभाषी द्यानी त्शात्शू हा एका खोसा सरदाराचा मुलगा असून मिशनच्या शाळेत वाढलेला होता. हाही सामान्य माणूस नव्हे. पुढे १८३६ साली तो लंडनला गेला आणि मूळ रहिवाशांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने आपल्या लोकांची बाजू मांडली. न्त्सिकानाचे काम मात्र वेगळे होते. तो मिशनच्या वसाहतीत राहावयास गेला नाही. ऐकून घेई आणि आपल्या वस्तीवर परत येई. १८१८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स वारला. त्यानंतर १८२० पर्यंत त्या मुलखात दुसरा मिशनरी नव्हता. मिशन संपले असे कोणालाही वाटले असते. पण न्त्सिकानाच्या झोपड्यांपुढे रोज सकाळ-संध्याकाळ माणसे जमत राहिली.

ती कशी जमत, हे मोठे हृद्य आहे. त्याच्यापाशी देवळाची घंटा नव्हती. म्हणून तो पहाटे उठून आपल्या दारात उभा राही आणि घंटेच्या नादाचे अनुकरण करणारे, लोकांना बोलाविणारे एक गीत खड्या आवाजात गाई. ते गीत म्हणजेच घंटा. आजही ते 'न्त्सिकानाची घंटा' ह्या नावाने ओळखले जाते. ओतीव धातूची घंटा समुद्रापलीकडून आणावी लागते, ती वाजविणाऱ्याला परवाना लागतो, ती कोणी जप्तही करू शकतो. ह्या घंटेला त्यातले काही नको होते.

त्याची चार गीते परंपरेने राहिली. त्यांतले सर्वांत मोठे 'महास्तोत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. मी येथे त्याचे भाषांतर करीत नाही. पण त्यातली दैवताची रूपे सांगितली की, भाष्यकाराचे काम म्हणजे काय ते ध्यानी येईल. त्यातला देव ही ढाल आहे, गड आहे, आणि दाट रान आहे. खोसा योद्ध्याची ढाल बैलाच्या कातड्याची. आणि शत्रू आला की, बायकामुले आणि गुरे ज्या काटेरी रानात लपवावयाची तेच त्याचे खरे दुर्ग. ग्रॅहमच्या फौजेपुढून जे लोक पळाले त्यांनी अशाच रानांचा आश्रय घेतला होता. त्यांना देव म्हणजे रान, हे सांगण्यासाठी टीकेची जरुरी नव्हती. पुढे तो देव तारे घडविणारा आहे आणि त्यांत कृत्तिकांचा उल्लेख नावाने आहे. खोसांच्या पंचांगात कृत्तिकांचा उदय म्हणजे पेरणीच्या कामांची चाहूल, आणि पुरुष आपले वय मोजतो तेही किती कृत्तिका पाहिल्या ह्यावरून. मग तो देव जिवांची शिकार करणारा पारधी होतो, पुढे चालणारा वाटाड्या होतो आणि थंडीत सगळ्यांनी मिळून पांघरावयाचे मोठे पांघरूण होतो. आणि सरतेशेवटी त्याच्या हातांवर आणि पायांवर जखमा असल्याचे गीत सांगते. ख्रिस्ताची गोष्ट येते ती अशी, ढाल, रान, तारे आणि पांघरूण ह्यांच्या मागून, परिचयाच्या माणसाबरोबर घरात आलेल्या पाहुण्यासारखी. चाल जुनीच. एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी उचलून धरावे, ही खोसांची सामुदायिक गाण्याची रीत.

देवासाठी त्याने वापरलेला शब्द 'थिक्सो' असा काहीसा आहे. तो खोईखोई लोकांच्या भाषेतून खोसांकडे आलेला. म्हणजे नव्या देवाचे नावही एका शेजाऱ्याकडून दुसऱ्या शेजाऱ्याकडे आलेले होते. मिशनऱ्यांनी पुढे बायबलच्या भाषांतरात तोच शब्द पत्करला.

मराठी श्रोत्यांना येथे आपल्याकडची उदाहरणे आठवल्याखेरीज राहणार नाहीत. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि त्याने मराठी ओवीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. पुराणाची घडण, ओवीचा ठेका आणि वैकुंठासारखे शब्द घेऊन त्याने ख्रिस्तचरित्र सांगितले. पण स्टीफन्स परका होता, आणि साष्टीच्या ज्या लोकांसाठी त्याने ते रचले, ते पोर्तुगीज सत्तेखाली आलेले आणि देवळे मोडलेली पाहिलेले होते. त्यानंतर तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक झाले. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. त्यांनी अभंगांत ख्रिस्त गाइला, आणि अखेरीस मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. टिळक आणि न्त्सिकाना ह्यांचे नाते जवळचे आहे. दोघेही स्वजनांतले, दोघेही गाणारे, दोघांनाही मिशनची चौकट अपुरी पडली. फरक आहे तो काळाचा. टिळकांच्या जन्मापूर्वीच येथे इंग्रजांचे राज्य पक्के झाले होते. न्त्सिकाना ज्या दिवशी ओढ्यात उतरला त्या दिवशी त्याचा राजा स्वतंत्र होता. राजकर्त्याचा धर्म म्हणून त्याने काही स्वीकारले असे त्याचा शत्रूही म्हणू शकत नव्हता.

आणि त्याला शत्रू, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर प्रतिस्पर्धी होता. त्याचे नाव मखांडा. लोक त्याला न्क्सेले, म्हणजे डावखुरा, म्हणत. न्गीकाचा चुलता आणि वैरी न्द्लांबे ह्याच्या बाजूचा हा द्रष्टा. त्यानेही आरंभी ग्रॅहम्सटाउनला जाऊन पाद्र्याशी चर्चा केल्या होत्या, जादूटोण्याविरुद्ध आणि रक्तपाताविरुद्ध उपदेश केला होता. पण त्याने जे ऐकले त्याचा निराळा अर्थ लावला. त्याचे म्हणणे असे झाले की, गोऱ्यांचा देव एक आणि काळ्यांचा देव दुसरा. गोऱ्यांनी आपल्या देवाच्या पुत्राला मारले म्हणून ते समुद्रात लोटले गेले आणि तेथून ते ह्या भूमीवर आले. काळ्यांचा देव मात्र त्यांच्याहून बलवान आहे. पूर्वज उठून येतील आणि गोऱ्यांना पुन्हा समुद्रात घालवतील. गुडघे टेकून पुटपुटण्याऐवजी नाचावे, आनंद करावा, वंश वाढवावा, अशी त्याची उपासना. पूर्वज उठणार म्हणून समुद्रकाठच्या एका मोठ्या खडकापाशी हजारो लोक जमलेही. कोणी उठले नाही. तरीही त्याच्यावरचा विश्वास ढळला नाही, कारण ज्यांची भूमी गेली होती त्यांना तो भूमी परत मिळेल असे सांगत होता.

एका नाचातून उठून गेलेला न्त्सिकाना, आणि नाचा असे सांगणारा मखांडा. दोघांनी एकच परकी गोष्ट ऐकली आणि दोघांनीही ती आपल्या भाषेत सांगितली. म्हणून मखांडालाही भाष्यकारच म्हटले पाहिजे. एकाच सूत्रावर दोन भाष्ये व्हावीत आणि दोन पंथ निघावेत हे आपल्याला नवीन नाही. येथे मात्र त्या दोन भाष्यांमागे दोन सैन्ये उभी होती.

त्या सैन्यांच्या मागे आणखी एक गोष्ट होती, ती कारभाराची. १८१७ साली केपचा गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट कॅट नदीवर येऊन न्गीकाला भेटला. वसाहतीतून चोरीस गेलेल्या गुरांची जबाबदारी कोणावर तरी टाकावयाची होती. म्हणून त्याने न्गीकाला सर्व पश्चिम खोसांचा प्रमुख ठरविले. न्गीकाने सांगून पाहिले की, इतर सरदार माझे ऐकत नाहीत. पण कचेरीच्या सोयीसाठी एक जबाबदार माणूस असला की, पुष्कळ प्रश्न कागदावर सुटतात. ज्याला हाताखालच्यांवर सत्ता नाही त्याच्यावर त्यांची जबाबदारी टाकली, तर त्याचे काय होते हे पुढच्या दोन वर्षांनी दाखविले. न्द्लांबे चिडला. १८१८ साली अमालिंडे येथे दोघांच्या सैन्यांची गाठ पडली. लढाईला जाऊ नये, मला तुझ्या माणसांची डोकी मुंग्या खाताना दिसत आहेत, असा इशारा न्त्सिकानाने न्गीकाला दिल्याचे सांगतात. राजाने तो मानला नाही. त्याचे सैन्य कापले गेले.

न्गीकाने इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रज फौज आली आणि तिने न्द्लांबेच्या लोकांची वीस हजारांहून अधिक गुरे नेली. गुरे गेली म्हणजे दूध गेले, लग्ने थांबली, पूर्वजांना बळी देणे थांबले. तेव्हा २२ एप्रिल १८१९ रोजी मखांडा ग्रॅहम्सटाउनवर चालून गेला. त्याच्याबरोबर सहा ते दहा हजार योद्धे असावेत असे अंदाज आहेत. गावात सैनिक साडेतीनशेच्या आसपास. पण भाल्यांपुढे तोफा होत्या. शेकडो माणसे पडली. पुढे आपल्या लोकांचा छळ थांबावा म्हणून मखांडा स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याला रॉबेन बेटावर ठेवण्यात आले आणि १८२० साली तेथून निसटताना तो समुद्रात बुडाला. तो परत येईल म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. 'न्क्सेलेचे येणे' हा खोसा भाषेत कधीच न येणाऱ्या गोष्टीचा वाक्प्रचार झाला. मंडेला ह्यांना ज्या बेटावर १९६४ पासून १९८२ पर्यंत ठेवले होते, ते हेच बेट. आणि ज्या गावाने मखांडाला मागे रेटले त्या ग्रॅहम्सटाउनला २०१८ साली त्याचेच, मखांडाचे, नाव देण्यात आले. उशिरा का होईना, तो आला असे म्हणावयाचे.

मग जिंकला कोण? इंग्रजांचा मित्र न्गीका जिंकला म्हणावे तर त्याच वर्षी, १८१९ च्या ऑक्टोबरात, सॉमरसेटने त्याच्याकडूनच फिश आणि कैस्कामा ह्या नद्यांमधला सुपीक मुलूख काढून घेतला. मदतीचे हे मोल झाले. ज्या प्रदेशात न्त्सिकानाची घंटा घुमत होती तो कॅट नदीचा परिसरही त्यातच होता.

येथे आपल्याला एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. लढणाऱ्या मखांडाच्या तुलनेने प्रार्थना करणारा न्त्सिकाना हा जेत्यांना वाट मोकळी करून देणारा ठरला काय? आफ्रिकेतल्याच काही विचारवंतांनी हा प्रश्न विचारला आहे आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर न्त्सिकानाच्या हेतूंत शोधण्यापेक्षा, त्याचे शब्द त्याच्या लोकांनी पुढे कसे वापरले ह्यात शोधणे मला अधिक योग्य वाटते.

त्याच्या नावावर एक भाकीत सांगतात. समुद्रापलीकडून एक जात येईल. तिच्या एका हातात पुस्तक असेल आणि दुसऱ्या हातात भोक नसलेली गुंडी, म्हणजे पैसा. पुस्तक घ्या, गुंडी घेऊ नका. हे शब्द त्याच्या मागून पुष्कळ काळाने लिहिले गेले, म्हणून जसेच्या तसे त्याचेच समजण्याची घाई करू नये. पण लोकांनी ते त्याच्या तोंडी घातले, ह्यालाही अर्थ आहे. आलेल्या गोष्टींपैकी काय घ्यावयाचे आणि काय नाकारावयाचे हे आम्ही ठरवू, असा त्याचा आशय आहे. हे सांगणारा शरणागत नव्हता.

दुसरा उपदेश एकीचा. कातडे कमावताना ते खरवडले म्हणजे जे चिकट कण निघतात त्यांचा दाबून केलेला गोळा सुकला की फुटत नाही. तसे एकजीव होऊन राहा, असे तो सांगे. त्या गोळ्याला खोसा भाषेत 'इंबुंबा यामान्यामा' म्हणतात. १८८२ साली पोर्ट एलिझाबेथ येथे आफ्रिकी लोकांनी राजकीय हक्कांसाठी एक संस्था काढली, तेव्हा तिला त्यांनी हेच नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतल्या राष्ट्रीय चळवळीच्या अगदी आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. साठ वर्षांपूर्वी वारलेल्या एका निरक्षर माणसाची, चांभारकामातली उपमा त्यांना उपयोगी पडली.

न्त्सिकाना वारला तो १८२१ साली. त्याकाळी तेथे सामान्य माणसाला पुरण्याची रीत नव्हती. मला जमिनीत पुरा, असे त्याने सांगितले तेव्हा घरचे कचरले. मग त्याने स्वतःच लाकडी कुदळ मागवून पहिले ढेकूळ उचलले असे परंपरा सांगते. मरण्यापूर्वी त्याने शिष्यांना सांगितले की, विखरू नका; च्यूमी नदीकाठी ब्राउनली नावाचा मिशनरी आला आहे, त्याच्याकडे जा. ते एकत्र गेले. म्हणजे मिशनच्या दारात ते आले ते आपली गाणी आणि आपली श्रद्धा घेऊन, तयार मंडळी म्हणून. मिशनऱ्याला त्यांना गोळा करावे लागले नाही.

ह्याच शिष्यपरिवारातल्या सोगा घराण्यात १८२९ साली टियो सोगा जन्मला. दीक्षा मिळालेला तो पहिला आफ्रिकी खोसा धर्मोपदेशक आणि खोसा गद्याच्या आद्य लेखकांपैकी एक. पुढे जॉन नॉक्स बोक्वे ह्या संगीतज्ञाने न्त्सिकानाची गीते जाणत्यांकडून ऐकून स्वरलिपीत उतरविली आणि १९१४ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. १९०९ पासून त्याच्या स्मरणार्थ मंडळही निघाले.

पण ह्या सर्वांपेक्षा मला बोलके वाटते ते त्याच्या मुलाचे, डुक्वानाचे, जीवन. डुक्वाना मिशनमध्ये वाढला, छापखान्याचे काम शिकला, चर्चमध्ये जबाबदारीच्या स्थानी होता. बापाने सांगितलेले पुस्तक त्याने घेतले होते. आणि १८७७-७८ च्या नवव्या, शेवटच्या युद्धात तो न्गीकाचा मुलगा सान्डिले ह्याच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढला आणि १८७८ साली मारला गेला. वडिलांनी राजाला लढाईपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. मुलाने राजपुत्राबरोबर मरण पत्करले. ह्यात मला विसंगती दिसत नाही. पुस्तक घेणे आणि राज्य देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या घराने इतरांच्या आधी ओळखले होते.

नवा विचार परक्याच्या हाती असेपर्यंत परका असतो. तो आपल्या गोठ्यात, आपल्या गाण्यात, आपल्या पांघरुणात आला म्हणजे त्याच्यावर परक्याची मालकी राहत नाही. मग देणाऱ्याने तो परत मागितला तरी देता येत नाही, आणि त्याने आपल्याच विरुद्ध तो वापरला जाताना पाहिला तरी त्याला काही करता येत नाही. न्त्सिकानाने हे केले ते त्याच्या लोकांना कोणी भाग पाडण्यापूर्वी. थोडा उशीर झाला असता तर तेच शब्द जेत्याचे शब्द ठरले असते, आणि मग नाचातून उठून ओढ्यात उतरणाऱ्या त्या माणसाला कोणी मान दिला नसता.

केपचे साम्राज्य गेले, त्यानंतरची वर्णभेदाची राजवटही १९९४ साली संपली. खोसा मुलखातल्या चर्चमध्ये ते महास्तोत्र आजही म्हटले जाते. एकजण उचलतो, बाकीचे धरतात. आणि ज्या काटेरी रानात त्यांच्या पूर्वजांनी गुरे लपविली होती, त्या रानाच्या रूपात ते देवाला हाक मारतात.